जळक्या कापसाचा वास
(वाचकांचे प्रश्न, सरांची उत्तरं)

प्रश्न : सर, नमस्कार. मी चोपडा तालुक्यातला, चार वर्षांपासून दुबईत एसीच्या कामावर आहे. सिगारेट सोडायची म्हणून दीड वर्षापूर्वी स्वस्तातला पेनसारखा व्हेप (ई-सिगारेट) घेतला. आता तीन तक्रारी आहेत. नवी कॉइल टाकली तरी दोन दिवसांत जळका वास येतो. खिशात ठेवला की खालून लिक्विड गळतं. रात्रभर चार्जिंगला लावल्यावर सकाळी हिरवा दिवा दिसतो, पण चार झुरके झाले की दिवा लुकलुकतो आणि बंद. रूममधला एक जण म्हणतो, ग्लिसरीन आणि इसेन्स आणून लिक्विड घरीच बनवू, स्वस्त पडेल. चालेल का? आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) घरी येतोय. सोबत आणला तर तुम्ही दुरुस्त करून द्याल का?
– अ. पा., दुबई

उत्तर : शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी, कारण तिकीट काढून झालं असेल. आणू नका. आपल्याकडे सप्टेंबर 2019 मध्ये वटहुकूम निघाला आणि त्याच वर्षी कायदा झाला. ई-सिगारेट बनवणं, आयात करणं, विकणं, तिची जाहिरात करणं, सगळं बंद. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. साठा करून ठेवला तरी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हजार-बाराशेच्या पेनापायी विमानतळावर बॅग उघडून उभं राहायचं आणि घरी सांजोऱ्या गार होऊ द्यायच्या, हा धंदा तोट्याचा आहे. मीही तो हातात घेणार नाही. पण तिथे ती वस्तू दुकानात रीतसर मिळते आणि आज ती तुमच्या खिशात आहे. ती खिशातच पेटू नये, एवढ्यासाठी पुढचं लिहितो.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. 2018 साली, केंद्राची बंदी येण्याच्या आदल्या वर्षी, माझा भाचा पुण्याहून असाच पेन घेऊन धुळ्याला आला होता. किंमत 1,100 रुपये. वर्षभरात तो पेन माझ्या टेबलावर सहा वेळा आला. आयटीआयमध्ये शिकवत होतो तेव्हापासून दुरुस्तीची वही ठेवायची सवय आहे, त्यामुळे सहाही नोंदी समोर आहेत. पहिल्या वेळी मी पेन हातात धरून नुसतं बटण दाबलं. ओट्यावर आई शेंगा फोडत बसली होती. तिथून ओरडली, "काय जळी र्‍हायनं रे?" मी म्हटलं, काही नाही, यंत्र बघतोय. तिने पुन्हा नाक वर केलं. "कापूस शे तो." जन्मभर कापूस वेचलेली बाई. टाकी उघडायच्या आधीच निदान झालं होतं.

आत काय असतं ते समईवरून समजून घ्या. समईत तेल असतं तोवर वात जळत नाही, तेल जळतं. तेल संपलं की वातच जळायला लागते आणि घरभर करपट वास सुटतो. कॉइल म्हणजे तारेचं छोटं वेटोळं, त्यात कापसाची वात. लिक्विड वातीत चढतं, तार तापते, वाफ होते. वात कोरडी पडली की तार सरळ कापसाला चटका देते. एकदा करपलेला कापूस पुन्हा चांगला होत नाही. भाच्याने कॉइल गरम पाण्यात धुवून, वाळवून पाहिली. रंग गेला, वास गेला नाही.

नवी कॉइलही दोन दिवसांत जळते, याची मुख्य कारणं तीन. पहिलं, बसवल्याबरोबर ओढायला सुरुवात करणं. नव्या कॉइलच्या भोकांवर दोन-तीन थेंब सोडायचे, टाकी भरायची आणि दहा मिनिटं पेन बाजूला ठेवून द्यायचा. दुसरं, लागोपाठ झुरके. वातीला लिक्विड वर ओढायला वेळ लागतो. तुम्ही मोबाईल बघत दहा झुरके सलग ओढलेत तर पाचव्यालाच ती कोरडी होते. तिसरं कारण मला सगळ्यात जास्त सापडलं : गोड लिक्विड. भाच्याच्या जुन्या कॉइलची तार भिंगाखाली धरली, तर गुऱ्हाळातल्या कढईच्या बुडाला गूळ लागून राहतो तसा काळा, चकाकता थर. तो थर जाड झाला की आतली तार तापते, पण वाफ बाहेर येत नाही. आंबा, कुल्फी, बबलगम असलं काही वापरत असाल तर कॉइल टिकण्याची आशा सोडा. लिक्विड फार घट्ट असेल, म्हणजे त्यात ग्लिसरीनच जास्त असेल, तर तेही छोट्या कॉइलच्या बारीक भोकांतून वेळेवर आत जात नाही.

गळतीचं सांगतो. तुम्ही एसीवाले, नळी जोडायचा फ्लेअर नट जास्त आवळला की काय होतं ते मी तुम्हाला शिकवावं असं नाही. टाकीच्या बुडाशी रबरी रिंग असते. ती चिरली असेल, पिळवटली असेल किंवा कॉइल आटे सोडून तिरकी बसली असेल तर लिक्विड खाली येणारच. भरताना मधल्या नळीत थेंब गेला तरी तो खालूनच बाहेर पडतो. रिंग ठीक असूनही गळत असेल, तर टाकी अर्धी रिकामी ठेवता का ते आठवा. रिकाम्या जागेत हवा असते. खिशाच्या किंवा उन्हाच्या गरमीने ती फुगते आणि लिक्विडला खाली ढकलते; त्यातच गरमीने लिक्विड पातळ झालेलं असतं.

आता लुकलुकता दिवा. हे दुखणं मात्र मला महत्त्वाचं वाटतं.

आधी साधी शक्यता काढून टाका. पेन बंद करा, टाकी काढा आणि बॅटरीच्या तोंडाशी मधली पिन बघा. तिथे गळलेलं लिक्विड साचून चिकट काळपट थर होतो. कॉन्टॅक्टरचे, म्हणजे एसीतल्या मोठ्या स्विचचे, पॉइंट काळे पडल्यावर कॉम्प्रेसर कसा कुथतो, तसंच. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये काडीचा कापूस बुडवून पुसा, पूर्ण वाळू द्या. टाकी दर वेळी ताकद लावून आवळत असाल तर पिन आत दबलेली असते, ती टोकाने केसभर वर घ्या. भाच्याच्या सहापैकी दोन खेपा एवढ्यावरच मिटल्या. त्याबद्दल त्याने मला कचोरी खिलवली, हेही वहीत लिहिलेलं आहे.

तरी लुकलुकत असेल तर बॅटरी थकली. सहाव्या खेपेला मी मीटर लावला होता. बटण न दाबता 4.1 व्होल्ट, म्हणजे जवळपास पूर्ण भरलेली. बटण दाबलं की सरळ 3.1. असल्या पेनात साधारण 3.2-3.3 च्या खाली सर्किट बॅटरीचा पुरवठा तोडतं, म्हणून दिवा लुकलुकतो. 1.2 ओहमची कॉइल 4.2 व्होल्टला साडेतीन अँपिअर मागते. नवी लिथियम बॅटरी ते देते, म्हातारी देऊ शकत नाही. हिरवा दिवा खोटं बोलत नाही. तो बॅटरी स्वस्थ बसलेली असताना बोलतो, काम करताना नाही. लिथियमची बॅटरी तीनशे ते पाचशे वेळा चार्ज झाली की उतरणीला लागते. तुम्ही रोज रात्री लावता, दीड वर्ष झालं. हिशोब तुमचा तुम्हीच करा.

आतली बॅटरी बदलून घेऊ का, असं पुढच्या पत्रात विचारू नका. झाळून बसवलेली बॅटरी स्वस्त पेनात बदलायची नसते. मी भाच्याचीही बदलली नाही. पेन कुठे फुगलेला वाटला, चार्जिंगला हात लावून गरम लागला, तर त्याच दिवशी वापर बंद. रात्रभर चार्जिंग आजपासूनच बंद करा. उशाशी तर मुळीच नको. मोबाईलचा फास्ट चार्जर लावू नका, साधा पाच व्होल्ट एक अँपिअरचा लावा. 45 अंशांच्या वर असली बॅटरी चार्ज करू नये. तुमच्याकडे बंद गाडीत आणि आमच्याकडे वैशाखात पत्र्याखाली तेवढं तापमान सहज होतं. मोडीत टाकताना कचऱ्यात नाही, बॅटऱ्या गोळा करतात तिथेच द्या.

घरच्या लिक्विडला मात्र साफ नाही. स्वयंपाकाचा इसेन्स पोटासाठी असतो. त्यात तेलाचा अंश असला तर तो थेट फुफ्फुसात जातो. 2019 मध्ये अमेरिकेत व्हेप ओढणाऱ्यांत फुफ्फुसाच्या गंभीर आजाराची साथ आली. फेब्रुवारी 2020 पर्यंत 2,807 रुग्ण नोंदले गेले, 68 माणसं गेली. बहुतेकांनी गांजाच्या अर्काची लिक्विडं ओढली होती आणि मुख्य संशय त्यात घट्टपणासाठी मिसळलेल्या तेलकट ई-जीवनसत्त्वावर, व्हिटॅमिन ई अ‍ॅसिटेटवर आला. खायला, त्वचेला चालणारा पदार्थ. तापवून ओढायला नाही.

आणि एक गोष्ट तुमच्या पत्रात नाही. सिगारेट सोडायची म्हणून पेन घेतलात, पण सिगारेट सुटली का, हे तुम्ही लिहिलंच नाही. बाटलीवर बघा : मिलीलिटरला 20 मिलिग्रॅम लिहिलं असेल तर दोन मिलीच्या टाकीत 40 मिलिग्रॅम निकोटीन आहे. दिवसात किती टाक्या संपतात ते आठवडाभर कागदावर लिहा. मी स्वतः एकोणीस वर्षं सिगारेट ओढली, दोनदा सोडली, दोनदा पुन्हा धरली. मोजायला लागलो तेव्हाच तिसऱ्यांदा जमलं. सुट्टीवर आलात की 1800-11-2356 वर फोन लावा. तंबाखू सोडवणारी सरकारी हेल्पलाइन आहे, पैसे लागत नाहीत. निकोटीनचं च्युइंग गम इथे औषधाच्या दुकानात मिळतं. किती आणि कसं घ्यायचं ते डॉक्टरांना विचारून ठरवा. पेन आणि टाक्यांचा कागद यांतला कागद तेवढा सोबत आणा.

प्रश्न : मुलाच्या दप्तरात हायलायटरसारखी रंगीत कांडी सापडली. बटण नाही, आंब्याचा वास येतो. तो म्हणतो मित्राचा पेनड्राइव्ह आहे. – एक आई, अमळनेर

उत्तर : ताई, पेनड्राइव्हला आंब्याचा वास येत नाही. एका टोकाला ओढायचं भोक आणि दुसऱ्या टोकाला हवेची बारीक चीर असेल तर ती वापरून फेकायची व्हेपची कांडी आहे. तोडू नका, आत लिथियमची बॅटरी असते. परसात पालापाचोळ्याबरोबर जाळू तर अजिबात नका, ती फुटते. घरात लहान मूल असेल तर हाताला लागणार नाही अशा जागी ठेवा, आतल्या द्रवात निकोटीन असतं. मुलाला ओरडण्याआधी एकच विचारा : कुठून घेतली? विकणारा गुन्हा करतोय.

प्रश्न : सर्दीसाठी घेतलेलं 350 रुपयांचं व्हेपोरायझर आता वाफच देत नाही. हेही बंदीत येतं का? – द. भा., पाचोरा

उत्तर : हसलो, पण शंका रास्त आहे, नाव तसंच आहे. नाही येत. तुमचं यंत्र बोअरच्या पाण्याने मेलं. आतल्या तापणाऱ्या भागावर पांढरा क्षार बसला असेल. प्लग काढून, अर्धा पेला पाण्यात चमचाभर लिंबूफूल (सायट्रिक अ‍ॅसिड) घालून तासभर ठेवा, ओता, दोनदा स्वच्छ धुवा. पुढे गाळलेलं आरओचं पाणी वापरा. आणि बाम घालायचाच असेल तर पातेल्यात घालून वाफ घ्या, यंत्राच्या टाकीत नको. प्लास्टिक तडकून तुमच्यासारखी तीन यंत्रं माझ्याकडे आली आहेत.