१९७६ च्या फॉर्म्युला वन सीझनच्या शेवटच्या रेसमध्ये निकी लाउडाने दोन लॅपनंतर (ट्रॅकच्या फेऱ्यांनंतर) गाडी सोडून दिली आणि चॅम्पियनशिप घालवली. हा भित्रेपणा नव्हता का? आणि एवढा पाऊस होता तर रेस रद्द का नाही केली?

नव्हता. अजिबात नव्हता. भित्रेपणा हा शब्द वाचून डोकं सणकलं म्हणून एवढ्या रात्री लिहायला बसलोय.

२४ ऑक्टोबर १९७६, जपानचं फुजी स्पीडवे, सीझनची सोळावी रेस. चॅम्पियनशिपच्या गुणांत लाउडा ६८, त्याचा प्रतिस्पर्धी जेम्स हंट ६५. हे तुम्हाला माहीत असणारच, पण प्रश्नात तुम्ही १ ऑगस्ट गाळलात. त्या दिवशी जर्मनीत न्युर्बर्गरिंगच्या रेसमध्ये हाच लाउडा पेटलेल्या फेरारीत अडकला होता. मर्झारियो, लंगर, एडवर्ड्स आणि एर्टल ह्या चार ड्रायव्हर लोकांनी आपल्या गाड्या सोडून त्याला आगीतून बाहेर काढलं. चेहरा, डोकं भाजलेलं, फुफ्फुसात विषारी धूर गेलेला, हॉस्पिटलात पाद्री येऊन शेवटची प्रार्थना करून गेला. आणि सहा आठवड्यांत इटलीत मॉन्झाच्या रेसला हा परत गाडीत बसला, डोक्याच्या पट्ट्यांना रक्त लागलेलं, आणि चौथा आला. ह्याला भित्रा म्हणायचं?

फुजीला सकाळपासून पाऊस आणि धुकं, ट्रॅकवरून पाणी वाहत होतं, सुरुवात लांबत लांबत गेली. लाउडाच्या पापण्या जळालेल्या, डोळे नीट मिटत नव्हते. त्या काळच्या गाड्यांचे मागचे टायर केवढे रुंद, ते पाण्याचा जो फवारा उडवतात त्यात मागच्याला काहीच दिसत नाही, आंधळेपणाने चालवायचं. दोन लॅप केल्या, पिटमध्ये (ट्रॅकच्या कडेला टीम जिथे गाडीचं काम करते तिथे) आला आणि उतरला. तिथे फेरारीचा इंजिनिअर मौरो फोर्गिएरी त्याला म्हणाला की इंजिन बिघडलं असं सांगू आपण. लाउडा म्हणाला नको, खरं कारण सांगायचं. मला विचाराल तर त्या अख्ख्या सीझनमधली सगळ्यात धाडसाची गोष्ट ही आहे.

आता हे मला एवढं का लागतं ते सांगतो. माझा गाड्यांचा धंदा आहे, कराडला, टुरिस्टच्या. काही वर्षांपूर्वी मामाच्या मुलाचा साखरपुडा चिपळूणला होता, जूनअखेर, पाऊस चांगलाच लागलेला. मामा, मामी, आत्या, दोन पोरं, सगळी माझ्या टवेरात. निघायलाच उशीर झाला कारण मामांची माणसं कधी वेळेत आवरत नाहीत, पाटणला जेवलो, कोयनानगर सोडलं आणि हेळवाकच्या पुढे कुंभार्ली घाटात धुकं लागलं. ज्यांनी पावसाळ्यात रात्री तो घाट उतरलाय त्यांना वेगळं सांगायला नको. हाय बीम टाकला की समोर नुसती पांढरी भिंत, डिपर केला तर बॉनेटच्या पुढचा दोन हात रस्ता. वायपर फुल स्पीडला, आत सगळ्यांच्या श्वासाने काच धुरकट, मामी पदराने पुसतायत. खिडकी उघडून मान बाहेर काढून कडेचा पट्टा बघत दोन-तीन वळणं उतरलो. पुढच्या वळणावर एकदम एका ट्रकचं मागचं फळकूट समोर आलं, बंद पडलेला ट्रक, ना लाइट ना मागे दगड लावलेला. ब्रेक मारला तेव्हा त्याच्या नंबर प्लेटवरचा चिखल दिसत होता इतकं जवळ.

मी मागे घेत घेत रुंद जागा गाठली, गाडी वळवली आणि वर घाटमाथ्यावरच्या टपरीपाशी आणून लावली. म्हटलं, मला दिसत नाही, उजाडल्याशिवाय मी उतरणार नाही.

मामांचा तोल गेला. "अरे सकाळी नऊचा मुहूर्त हाय, लोकं काय म्हनतील, ती बघ एसटी गेली की खाली!" खरंच गेली एसटी. दोन ट्रक पण गेले. मी किल्ली खिशात घालून बसलो. मामांच्या धाकट्याने चिपळूणला फोन लावून सांगितलं की क्लच प्लेट गेली म्हणून उशीर होतोय, पाव्हण्यांपुढे बरं दिसावं म्हणून. सकाळी उजाडल्यावर उतरलो, कार्याला तासभर उशिरा पोचलो आणि नवरीच्या वडिलांनी गाडीचं विचारल्यावर मी सगळ्यांसमोर सांगितलं की गाडीला काही झालं नव्हतं, धुक्यात दिसत नव्हतं म्हणून मीच थांबवली. मामा ते अजून विसरलेले नाहीत. प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशाला निघतं, "भाचा घाटात घाबरला." आणि पुरावा काय, तर त्या रात्री घाटात कुणालाच काही झालं नाही.

तुमचा मुद्दा हाच आहे ना? बाकीचे फुजीला धावले, रेस पूर्ण झाली, कोणी मेलं नाही, म्हणजे लाउडा चुकला. हा हिशोबच चुकीचा आहे. काय घडलं ते नंतर कळतं, स्टिअरिंगवरच्या माणसाला त्या क्षणी जे दिसतंय त्यावर ठरवायचं असतं, आणि दिसत नसेल तर तेच उत्तर आहे. तसा तो एकटा पण नव्हता, एमर्सन फिटिपाल्डी, कार्लोस पाचे, लॅरी पर्किन्स हे पण त्याच दिवशी स्वतःहून बाहेर पडले. फिटिपाल्डी दोन वेळचा चॅम्पियन. त्याला कोण भित्रा म्हणत नाही, कारण त्याच्याकडे तेव्हा घालवायला चॅम्पियनशिप नव्हती.

आणि हो, लाउडा चालवत राहिला असता तर चॅम्पियनशिप "आरामात जिंकला असता" असं लोक म्हणतात, ते पण सोडा. हंट तिसरा आला, ४ गुण, एकूण ६९. लाउडाला सहावा नंबर मिळाला असता तर १ गुण, म्हणजे ६९-६९, पण बरोबरीत जास्त रेस जिंकलेला पुढे, आणि सीझनमधले विजय हंटचे ६ आणि लाउडाचे ५, म्हणजे तरी हंटच. पाचवा यावं लागलं असतं, त्या पाण्यात, न मिटणाऱ्या डोळ्यांनी, ७३ लॅप.

हंटला कमी लेखत नाहीये, गैरसमज नको. त्या रेसचा बहुतेक भाग तोच पुढे होता, शेवटी ट्रॅक वाळायला लागला तसे पावसाळी टायर झिजले, पंक्चर, पिट, पाचव्या नंबरवर फेकला गेला आणि उरलेल्या चार-पाच लॅपमध्ये जोन्स आणि रेगाझोनी ह्या ड्रायव्हरांना मागे टाकून तिसरा आला. उतरला तेव्हा त्याला वाटत होतं आपण हरलो, टीमच्या टेडी मेयरवर ओरडत होता. जबरदस्तच. रेस जिंकली मारियो आंद्रेत्तीने, ते कुणाच्या लक्षातही नसतं. आणि प्रत्येक वेळी थांबणंच बरोबर असंही मी म्हणत नाही, मीही पावसात गाड्या चालवतोच, त्यावर घर चालतं. लाउडा पुढच्याच वर्षी, १९७७ ला, त्याच फेरारीत चॅम्पियन झाला, आणि १९८४ ला मॅक्लारेनमधून परत, त्याच टीमच्या प्रोस्टपेक्षा अर्धा गुण जास्त. जिवंत होता म्हणून झाला.

रद्द का केली नाही, तर टीव्ही. सीझनचा फैसला जगभर लाइव्ह दिसणार होता, वेळ ठरलेली, आणि दुपारनंतर अंधार पडायला लागला असता, मग चालू करून टाकली. आज असं सहसा होत नाही, २०२१ ला बेल्जियममध्ये सेफ्टी कारच्या (सगळ्यांना हळू ठेवायला पुढे चालवतात त्या गाडीच्या) मागे दोन-तीन लॅप फिरवून अर्धे गुण वाटले आणि घरी पाठवलं. त्यावर पण लोकांनी शिव्या घातल्या, तिकिटाचे पैसे गेले म्हणून. मला तो निर्णय पटला होता.

हे उत्तर मामांना पाठवतोय. त्यांना काय म्हणायचं असेल ते खाली कमेंटमध्ये लिहावं, लग्नात नको.