डोळ्यांखाली खड्डे आणि वळ्या आहेत. नाशिकमध्ये फिलर (त्वचेखाली टोचून भरायची जेल) करून घ्यावं का?

आधी आरसा हातात घेऊन खिडकीपाशी उभं राहा आणि वर बघा. फुगवटा ठळक झाला, तर चरबी पुढे आलीय. तिथे फिलर भरलं की सूज आणखी वाढल्यासारखी दिसते. अशा वेळी खालच्या पापणीची शस्त्रक्रियाच योग्य.

नुसता खड्डा असेल तर हायल्युरोनिक अ‍ॅसिड फिलर. एका बाजूला साधारण अर्धा मिली किंवा त्याहून कमी, हाडालगत खोल, शक्यतो कॅन्युलाने, म्हणजे बोथट टोकाच्या बारीक नळीने. उथळ भरलं तर निळसर छटा दिसते. जास्त झालं तर हायल्युरोनिडेझ हे एन्झाइम टोचून विरघळवता येतं, म्हणून न विरघळणारं फिलर इथे नकोच.

बारीक सुरकुत्यांना लेझर किंवा मायक्रोनीडलिंग (बारीक सुयांनी त्वचेला टोचणं). खड्डा त्याने भरत नाही. क्रीमने तर नाहीच.

क्वचित फिलर रक्तवाहिनीत जाऊन दृष्टी जाऊ शकते. त्यामुळे गंगापूर रोड असो वा सिडको, पार्लरमध्ये करू नका. त्वचारोगतज्ज्ञ किंवा प्लास्टिक सर्जन गाठा, हायल्युरोनिडेझ हाताशी आहे का विचारा, सिरिंजचं सील समोर फोडायला लावा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी सांगा, मनाने बंद करू नका. आणि लग्नाच्या आदल्या आठवड्यात तर मुळीच नको, काळंनिळं पडतं.