ध्वनिलहरींपासून वस्तू लपवता येते का? त्यासाठी जाड फोम पुरत नाही का?

फोम पुरत नाही. फोम आवाज गिळतो, त्यामुळे प्रतिध्वनी येत नाही हे खरं, पण वस्तूच्या मागे आवाजाची सावली पडतेच. पलीकडे माइक ठेवला की चोरी पकडली जाते. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी काही पाणबुड्यांवर रबराचं आवरण चढवलं होतं, तेही याच जातीचं.

खरं लपवायचं तर लहरीने वस्तूला वळसा घालून पलीकडे असं निघायला हवं, की मध्ये काही नव्हतंच. घोडं अडतं ते वेळेवर. वळशाची वाट लांब, तरी पोचायचं सरळ गेलेल्या लहरीबरोबरच. म्हणजे आवरणात आवाज बाहेरच्यापेक्षा वेगाने धावायला हवा. अ‍ॅल्युमिनियममध्ये तो हवेच्या पंधरापटींहून जास्त वेगाने धावतो, पण हवेतली लहर धातूत शिरतच नाही, जवळजवळ सगळी परत फिरते.

2007 मध्ये कमर आणि शुरिग या दोन संशोधकांनी गणिताने एक वाट दाखवली: आवरणाची घनता दिशेनुसार वेगळी ठेवायची. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा छपाईची चूक वाटली! पण भोकं पाडलेला प्लास्टिकचा पत्रा डोळ्यांसमोर आणा. पत्र्याला समांतर हलणाऱ्या हवेला त्याचा काही त्रास नाही. आरपार जाणारीला मात्र भोकांतून घुसावं लागतं, म्हणून त्या दिशेने तीच हवा जड भासते. भोकं तरंगलांबीच्या मानाने बारीक हवीत. 3 किलोहर्ट्झच्या आवाजाची तरंगलांबी हवेत सुमारे 11 सेंटिमीटर असते, म्हणून हे हाताने करण्यासारखं काम आहे.

2014 मध्ये अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात कमर यांच्याच गटाने अशा पत्र्यांचा पिरॅमिड रचून त्याखाली वस्तू लपवली. ऐकणाऱ्याला वाटावं, खाली नुसती सपाट जमीन आहे. यात एक मेख आहे. वस्तूवर आपटलेली लहर जमिनीपर्यंत न जाताच, म्हणजे लवकर परतते. तिला फक्त रेंगाळत ठेवायचं, आणि आवाजाला उशीर करायला लावणं त्याला पळवण्यापेक्षा कितीतरी सोपं.

चहूबाजूंनी लपवणारं गोल आवरण मी सिम्युलेशनमध्ये करून पाहिलंय. नेमलेल्या फ्रिक्वेन्सीला सावली गायब, फ्रिक्वेन्सी जराशी सरकवली की परत हजर. शिवाय लहर आत शिरतच नसल्यामुळे अशा आवरणातल्या पाणबुडीला बाहेरचं काही ऐकूही येणार नाही.