ए-आर्म घरी बनवतोयस? आधी जिग बनव

मित्रा, ऑफ-रोड बग्गीचे ए-आर्म (चाक चासीला जोडणारे A आकाराचे सस्पेन्शनचे दांडे) स्वतः बनवायचा तुझा बेत मला मनापासून आवडला. पण पाइप कापण्याआधी जिग बनव, म्हणजे वेल्डिंग करताना सगळे भाग जागेवर धरून ठेवणारा साचा. जाड प्लेटवर बुश (चासीकडचा सांधा) आणि बॉल जॉइंट (चाकाकडचा सांधा) यांचे सेंटर पक्के कर. वेल्डिंगच्या उष्णतेने नळी ओढली जातेच, मग डावा-उजवा आर्म सारखा येत नाही.

पाइप सीमलेस (बिनजोडाचा) घे, नाशिकच्या अंबड-सातपूर औद्योगिक वसाहतींकडे चौकशी कर. भंगारातला नको, त्याची ग्रेड कोण सांगणार? 4130 क्रोमोली (क्रोम-मॉलिब्डेनम पोलादाचा) पाइप मिळालाच तर टिग वेल्डिंग करणारा चांगला कारागीर गाठ, आणि सांध्यावर पाणी अजिबात ओतू नकोस, तो ठिसूळ होतो.

सगळ्यात महत्त्वाचं: खालच्या आर्मच्या बाहेरच्या टोकाला रॉड एंड (आट्यांच्या दांड्याचा छोटा फिरता सांधा) लावू नकोस. तिथे आट्यांवर वाकवणारा जोर येतो आणि तो आट्यांतच तुटतो. चाक निखळलं तर तू आत बसलेला असशील! तिथे गाडीचा बॉल जॉइंटच हवा.

जोडल्यावर स्प्रिंग काढून चाक पूर्ण वर-खाली कर. ब्रेकची नळी ताणली जाते का, चाक आपोआप वळतं का, बघ. वळत असेल तर टाय रॉडची (स्टिअरिंगकडून चाक वळवणाऱ्या दांड्याची) लांबी किंवा उंची चुकली आहे. पहिली चाचणी मोकळ्या माळावर, हळू. रंग त्यानंतरच दे, रंगाखाली तडे दिसत नाहीत.