इंजिन कामाला आलेला जुना ट्रॅक्टर घ्यावा का?

प्रश्न : दादा नमस्कार, माझी ६ एकर जमीन आहे करमाळा तालुक्यात, त्यातलं २ एकर ऊस आणि बाकी तूर, ज्वारी, कांदा. गावातच एकाचा २००८ मॉडेल मॅसी १०३५ विकायला आहे, १ लाख ७५ हजार म्हणतोय. धूर मारतो, मिस्त्री म्हणाला हाफ इंजिन (स्लीव्ह-पिस्टन, रिंगांचं काम) करावं लागेल, ५५ हजार धरून चाल. मागचे टायर गुळगुळीत झालेत, जोडीचे ३२ हजार दुकानदाराने सांगितले. आमच्या भागात हाच ट्रॅक्टर चांगल्या कंडिशनमधे २ लाख ४० पर्यंत मिळतो. मी सध्या वर्षाला साधारण ४० हजार भाड्याच्या ट्रॅक्टरला घालवतो. घेऊ का? घरचे नको म्हणतायत.

उत्तर : भाऊ, घरचे नको म्हणतायत ते अगदीच चुकीचं नाही, पण कारण धूर नाहीये. धुराला सगळे घाबरतात आणि इंजिन हीच जुन्या ट्रॅक्टरमधली त्यातल्या त्यात सोपी गोष्ट, कारण त्याचा खर्च आधी कळतो. स्लीव्ह-पिस्टन, रिंगा, बेअरिंग, सगळं तालुक्याला मिळतं, १०३५ चं काम न केलेला मिस्त्री शोधून सापडणार नाही. पैसे बुडतात ते मागच्या भागात, गिअर, क्राऊन (मागच्या चाकांना फिरवणारा मोठा गिअर) आणि लिफ्ट (अवजार वर-खाली करणारी), आणि तिथं गिऱ्हाईक बघतच नाही कारण नजर सगळी सायलेन्सरवर.

आधी धुराचं संपवतो. सकाळी लवकर जा, न सांगता गेलात तर उत्तम, आणि इंजिनला हात लावून बघा, कोमट लागलं तर मालकाने तुम्ही यायच्या आधी चालू करून ठेवलाय असं समजा. थंड इंजिन किती सेल्फवर उठतं ते बघायचं. काळा धूर असेल आणि तोही लोडवर, तर नोझल, पंप किंवा नुसता एअर फिल्टर असू शकतो, ते स्वस्तातलं. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. चालू इंजिनवर ऑइल भरायचं झाकण काढा, भक भक करून वाफ बाहेर फेकत असेल तर मिस्त्री बरोबर बोलतोय, काम आलंय. रेडिएटरच्या पाण्यावर तेलाचा तवंग किंवा डिपस्टिकवर चहासारखं ऑइल दिसलं तर मग ५५ हजार विसरा, पाणी-तेल कुठून एक होतंय ते हेड उतरवल्याशिवाय कळणार नाही.

मिस्त्रीला एकच प्रश्न विचारा, क्रँक (पिस्टन ज्याला फिरवतात तो इंजिनचा मुख्य दांडा) आधी कितीवर घासलाय? क्रँक घासला की बेअरिंग १०, २०, ३० अशा साइजचे टाकत जातात. हा आधीच ३० वर गेला असेल तर पुढच्या खेपेला क्रँकच बदलायची वेळ येऊ शकते आणि अंदाज तिथंच फाटतो. "खोलल्यावर बघू" हे वाक्य ऐकलं की समजायचं, तो खर्च तुमच्या खिशातून जाणार आहे.

आता मागचा भाग, इथं वेळ काढा. लिफ्टला मोगडा किंवा पल्टी नांगर लावून वर उचला आणि इंजिन बंद करा. हळूहळू खाली आला तर जुन्याला चालतं, धाडकन बसला किंवा चालू इंजिनवर सारखा खाली-वर उचक्या मारत राहिला तर लिफ्ट खोलावी लागणार. मग मोकळा नाही, ट्रॉली भरून उतारावरून चालवा, गिअर आपोआप सुटतो का, अ‍ॅक्सिलरेटर सोडल्यावर मागून घरघर येते का ते ऐका. गिअरबॉक्सचं थोडं ऑइल खालच्या बोल्टातून काढून चुंबक फिरवा. बारीक काळी पूड लागली तर ठीक, चमकणारे तुकडे लागले तर नमस्कार करून घरी या. क्लच बघायचा तोही लोडवरच, कारण क्लच प्लेट बदलायला ट्रॅक्टर मधून दोन भाग करावा लागतो, मजुरीच तिथं जास्त.

आणि हो, हा ट्रॅक्टर कारखान्याला ऊस ओढत होता का हे गावात चार जणांना विचारा. दोन ट्रॉल्या भरून सीझन ओढलेल्या ट्रॅक्टरचा क्लच, ब्रेक, पुढचा अ‍ॅक्सल, सगळं नांगरटीच्या ट्रॅक्टरपेक्षा लवकर जातं, रंग कितीही नवा असू दे. तास दाखवणाऱ्या मीटरवर जाऊ नका, बहुतेकांचा बंदच असतो.

आता कागद. २००८ चा म्हणजे नोंदणीची १५ वर्षं २०२३ लाच संपली. रिन्यू केलीय का? नसेल तर आरटीओत ट्रॅक्टर नेऊन तपासणी, दंड, मग पुढं ५ वर्षांची मुदत, आणि हे सगळं मालकाच्या नावावर असतानाच उरकून घ्यायचं, "नंतर बघू" नाही. एमपरिवहन अ‍ॅपवर नंबर टाकून कर्जाचा बोजा दिसतो का बघा, दिसला तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५. ट्रान्सफरला फॉर्म २९ आणि ३०. चेसिस नंबरवर डिझेलचं फडकं मारून आरसीशी जुळवा. नुसत्या स्टँपपेपरवर ट्रॅक्टर घेणारे आपल्याकडं लई आहेत, आणि एखादा अ‍ॅक्सिडेंट झाला की मग पळापळ.

हिशोब बघा. १.७५ अधिक ५५ हजार अधिक ३२ हजार, झाले २ लाख ६२ हजार, आणि चांगला चालता ट्रॅक्टर तुम्हीच २.४० ला सांगताय! म्हणजे या भावात घ्यायचा प्रश्नच येत नाही. २.४० मधून ८७ हजार वजा केले की १.५३ राहतात, त्यातून "खोलल्यावर बघू" चे किमान २५ हजार काढा, नोंदणीचा खर्च काढा, मी तर १ लाख २५ च्या वर बोलणार नाही. नसेल देत तर राहू दे, ऊस संपल्यावर असे ट्रॅक्टर निघतातच, गाळप सुरू व्हायच्या तोंडावर मात्र भाव चढा असतो.

बरं, मिळाला समजा १.२५ ला. तुमच्या ४० हजार भाड्यात डिझेल धरलेलं आहे, स्वतःच्या ट्रॅक्टरलाही डिझेल, ऑइल, फिल्टर लागणारच, त्यात १५-१६ हजार जातील असं धरलं तर वर्षाला वाचतात २४-२५ हजार. १.२५ अधिक ते ८७ हजार, वरचा किरकोळ खर्च धरून सव्वादोन लाख, ते फिटायला नऊ वर्षं. फक्त ६ एकरासाठी हे बसत नाही. भावकीतली आणखी ८-१० एकर तुमच्याकडं येणार असेल, किंवा तुम्हाला स्वतःला चालवता येतं आणि चार लोकांची पेरणी-नांगरट धराल, तर बसतं. एक गोष्ट मात्र आकड्यात येत नाही ती म्हणजे वाफसा, जमीन मशागतीला नेमक्या ओलीवर असते ते दिवस. पाऊस उघडला की सगळ्या गावाला एकाच दिवशी ट्रॅक्टर पाहिजे असतो आणि भाडेवाला आधी त्याच्या पाहुण्याकडं जातो, तुमचा नंबर येईस्तोवर जमीन कडक. दरवर्षी यात तूर मागं पडत असेल तर ते नुकसान हिशोबात धरा, मग घरच्यांशी बोला.

नवीनचंही एकदा विचारून या. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झालाय, टायरचाही १८ वरून ५, त्यामुळं ३२ हजार हा भाव जुना आहे का ते दुकानदाराला विचारा. ६ एकरावर नवीनचा हप्ता ओढायला मी सांगणार नाही, पण जुन्याचा भाव पाडायला हा मुद्दा चांगला आहे.

प्रश्न : एचएमटीचा ट्रॅक्टर एकदम स्वस्त मिळतोय, कंपनी बंद आहे म्हणून घाबरतोय.

उत्तर : एचएमटीचा ट्रॅक्टर विभाग बंद करायचा निर्णय केंद्राने २०१६ ला घेतला, पण जुने एचएमटी अजून रानात आहेत. घ्यायच्या आधी तुमच्या बाजारपेठेतल्या दोन पार्टवाल्यांकडं जा आणि त्याच मॉडेलची क्लच प्लेट, वॉटर पंप आणि लिफ्टची सील किट मागा. दुकानात लगेच काढून दिली तर घ्या. "मागवून देतो, आठ दिवस" म्हणाला तर पेरणीत तेवढे आठ दिवस तुमच्याकडं असतील का, ते बघून ठरवा.