सर्च, शोध आणि माग

एका वाचकाने विचारलं आहे: इंग्रजी 'सर्च'ला मराठीत शोध, तपास, झडती, धुंडाळणं, हुडकणं असे ढीगभर शब्द सापडतात, त्यांत फरक काय, आणि ॲपच्या बटणावर यातला कोणता लिहावा?

बटणाचं लगेच सांगतो. 'शोधा' लिहा. कृपा करून 'शोध करा' लिहू नका. मराठीत शोध घेतात, शोध लावतात, शोध लागतो. शोध 'करत' नाहीत. हे 'करा' कुठल्या तरी भाषांतराच्या यंत्रातून गळून पडलेलं आहे आणि आता ते बँकेच्या ॲपपासून रेल्वेच्या फलकापर्यंत दिसतं. त्याहून वाईट म्हणजे 'घेणं' आणि 'लावणं' यांतली गल्लत. 'न्यूटनने गुरुत्वाकर्षणाचा शोध घेतला' हे वाक्य मी निबंधांत आणि भाषणांत इतक्यांदा ऐकलंय की वाटतं, बिचारा अजून घेतोच आहे. घेतला म्हणजे शोधत राहिला, लावला म्हणजे सापडलं. हरवलेल्या मुलाचा शोध घेतात. त्याचा शोध 'लावला' तर पोरगं घरी आलं असं समजायचं.

बाकीचे शब्द ऑनलाइन कोशांत एका ओळीत स्वल्पविराम देऊन मांडलेले असतात, जणू कुठलाही उचला आणि वापरा. तसं नाही. झडती माणसाची, घराची, सामानाची. त्यात झाडणं आहे, कपडे झटकून बघणं आहे, म्हणून पोलिसांकडे असतं ते झडतीचं वॉरंट, 'शोध वॉरंट' नव्हे. तपास गुन्ह्याचा. हा शब्द फारसीच्या वाटेने आपल्याकडे आला. त्याचा 'तप'शी संबंध जोडून 'तपासात तपश्चर्या असते' असं व्याख्यानातून सांगणाऱ्यांना माझा नमस्कार, लांबूनच. कपाटात होते ती उचकाउचक, अंधारात चाचपणं, आणि सगळं घर पालथं घातलं तरी चष्मा डोक्यावरच निघतो. धुंडाळणं त्या मानाने सावकाशीचं काम. त्यातल्या 'धुंड'वरून गणपतीला धुंडिराज म्हणतात असं स्कंदपुराणातलं काशीखंड सांगतं; ढुंढि हा धातू शोधण्याच्या अर्थाचा आहे असं तिथे स्पष्टच म्हटलंय. म्हणजे दादासाहेब फाळके, मूळ नाव धुंडिराज गोविंद, हे नावानेच शोधे होते.

'सर्च मारणं' हे ऐकून अनेकांच्या अंगावर काटा येतो. माझ्या येत नाही. इंग्रजी 'सर्च' आला जुन्या फ्रेंचमधल्या 'सेर्शिए'वरून, तो उत्तरकालीन लॅटिन 'किर्कारे'वरून, आणि त्याच्या मुळाशी आहे 'किर्कुस', म्हणजे वर्तुळ. सर्कस आणि सर्कल हे त्याचे सख्खे भाऊ. किर्कारे म्हणजे भोवती फिरणं, फेरी मारणं. तेव्हा पोरं 'सर्च मारतो' म्हणतात ते व्युत्पत्तीच्या दृष्टीने 'चक्कर मारतो' इतकं चोख आहे. त्यांना हे ठाऊक नाही, पण भाषेचे कान त्यांचे शाबूत आहेत.

आता ज्यासाठी हे लिहायला बसलो तो शब्द. वर विचारणाऱ्याने तो यादीत घातलेलाच नाही! माग.

माग काढणं, मागावर असणं, मागोवा, मागमूस. संस्कृतात हाच 'मार्ग'. शाळेत मार्ग म्हणजे रस्ता शिकवतात, पण रस्ता हा अर्थ मागाहून आलेला. मार्ग म्हणजे आधी मृगाचा माग, जनावर ज्या वाटेने गेलं ती खूण. पाणिनीय पद्धतीने 'मृग'च्या ऋकाराची वृद्धी केली, म्हणजे 'ऋ'चा 'आर्' केला, की 'मार्ग' मिळतो. आणि मृग म्हणजे हरीण, असं कोण म्हणालं? ऋग्वेदात विष्णूला 'मृगो न भीमः कुचरो गिरिष्ठाः' म्हटलंय. डोंगरात हिंडणारं भयंकर हरीण? अर्थातच नाही, तिथे मृग म्हणजे कुठलंही रानटी जनावर. म्हणूनच सिंह मृगराज, माकड शाखामृग, आणि रानडुकराची शिकार केली तरी ती मृगयाच. हरणापुरता अर्थ पुढे आकसला. गंमत म्हणजे इंग्रजीत 'डिअर'चंही हेच झालं. जुन्या इंग्रजीत तो शब्द कुठल्याही जनावराला लावत, आणि जर्मनमधला त्याचा भाऊ 'टिअर' अजूनही लावतात.

इथे यास्काशी, वैदिक शब्दांच्या व्युत्पत्ती सांगणाऱ्या त्या प्राचीन पंडिताशी, माझं भांडण आहे. 'निरुक्त' या आपल्या ग्रंथात तो 'मृगो मार्ष्टेर्गतिकर्मणः' म्हणून मृग 'मृज्' धातूवरून काढतो, म्हणजे जाणारा तो मृग. जाणारा? मग ढग, नदी, बैलगाडी, सगळेच मृग. धातुपाठवाल्यांनी, म्हणजे संस्कृत धातूंची यादी करणाऱ्यांनी, 'मृग अन्वेषणे' (मृग, शोधणे या अर्थी) असा धातू देऊन उलट टोक गाठलं: ज्याला शोधतात तो मृग. हे ऐकायला गोड आहे, पण घोडं गाडीमागे बांधल्यासारखं. माझं मत सरळ आहे. आधी जनावर. मग त्याचा माग. मग मागावरून जाणं, म्हणजे शोधणं. धातू सगळ्यात शेवटी, व्याकरणकारांच्या सोयीसाठी. शिकारी माणसाने क्रियापद बनवून मग हरणाला नाव दिलं असेल, यावर माझा विश्वास बसत नाही.

आणि मग येतं माझं लाडकं: 'मागणं'. संस्कृत मार्गति, शोधतो, प्राकृतात मग्गइ, मराठीत मागतो, हिंदीत माँगता है. जे शोधत आलो तेच समोरच्याकडे असेल तर काय करणार, हात पुढे करणार. मुलीला मागणी घालायला सोवळं नेसून आलेली मंडळी शब्दाच्या हिशेबाने शिकारीवर निघालेली असतात. 'मागे' आणि 'मागून' हेही मी याच घरातले धरतो. माग काढणारा कायम जनावराच्या मागेच असतो की! काही जण 'मागे'ला वेगळा देशी शब्द मानतात. मानोत.

हा माग नुसता कोशातला नाही. पेशवाई बुडाल्यावर एल्फिन्स्टन या ब्रिटिश अधिकाऱ्याने १८१९ साली जो अहवाल लिहिला त्यात दख्खनच्या गावची राखणदारी वर्णन केली आहे. चोरी झाली की गावच्या राखणदाराने, मग तो महार असो, भिल्ल असो की रामोशी, चोराच्या पावलांचा माग काढत शिवेपर्यंत जायचं. पाऊल शेजारच्या गावात शिरल्याचं तिथल्या राखणदाराला पटवून दिलं की याची जबाबदारी संपली. पुढचा माग त्याने काढायचा. असं करत ज्या गावात माग थांबेल त्या गावाने चोरीच्या मालाची भरपाई द्यायची. म्हणजे धुळीतलं एक पाऊल शिवेच्या अलीकडे उमटलं की पलीकडे, यावर अख्ख्या गावाचा खिसा अवलंबून! 'तुमच्या दारात माग आला' हे शब्द त्या काळात केवढ्याला पडत असतील बघा.

जूनच्या पहिल्या आठवड्यात मिरग लागतो तो तरी दुसरं काय आहे? आकाशात मृग, त्याच्या पोटात ओळीने तीन ताऱ्यांचा बाण, आणि मागे लागलेला व्याध. ते मृगनक्षत्र बघून कुणाला शोधयंत्र आठवत नाही हे खरं, पण मला आठवतं.

कुणी म्हणेल, गवेषणा राहिली. ती गाईंची. गो आणि एषणा, हरवलेल्या गाई शोधणं. बंगालीत संशोधनाला आजही गवेषणाच म्हणतात. आणि शोध मुळात 'शुध्'मधला, म्हणजे स्वच्छ करणं. आयुर्वेदात पाऱ्याचं शोधन करतात ते हेच. म्हणून हिंदीत दुरुस्तीला 'संशोधन' म्हणतात ते त्यांच्या परीने बरोबर आहे. पण मराठी बातमीत 'संविधान संशोधन विधेयक मंजूर' असं छापून येतं तेव्हा डोकं फिरतं. आपल्याकडे ती घटनादुरुस्ती. संशोधन भांडारकर संस्थेत होतं, प्रयोगशाळेत होतं. संसदेत झालं तर ती स्वतंत्र बातमी आहे.