प्रमाणपत्रं झाली, नोंद कोण करणार?

ग्रंथालय कर्मचाऱ्यांच्या ऑनलाइन प्रशिक्षणाबद्दल तेच ते प्रश्न फिरून येतात. म्हणून निवडक प्रश्नांची उत्तरं इथे एकत्र देतो.

प्रश्न : मी देवघेव विभागात आहे. ऑनलाइन कोर्सवर बढती मिळेल का?

उत्तर : पैसे भरण्याआधी आस्थापना विभागाला लेखी विचारा. 'दुसऱ्या एकाला मिळाली म्हणे' यावर विसंबू नका.

प्रश्न : तालिकीकरणाचे, म्हणजे ग्रंथालयाच्या सूचीत पुस्तकांच्या नोंदी करण्याचे, पाच कोर्स झाले, तरी पुस्तक समोर आलं की हात अडतो. आता कोणता करू?

उत्तर : कोणताही नको! दीडपट वेगाने व्हिडिओ पाहायचे, चार पर्यायांतून एक निवडायचा, प्रमाणपत्र छापायचं. यात नोंद कधी केलीत? मार्क २१ मध्ये, म्हणजे संगणकावरच्या ग्रंथनोंदींच्या ठरलेल्या साच्यात, शीर्षक २४५ या क्षेत्रात (रकान्यात) जातं, हे तुम्हाला पाठ असेल. पण शीर्षक इंग्रजी 'द'ने सुरू होत असेल, तर त्या क्षेत्राच्या दुसऱ्या निर्देशकात (सुरुवातीची किती अक्षरं वगळायची ते संगणकाला सांगणाऱ्या अंकात) ४ का? 'द'ची तीन इंग्रजी अक्षरं आणि पुढची मोकळी जागा क्रम लावताना वगळायची असते म्हणून. तिथे ० राहिला की अशी पुस्तकं 'टी'खाली जाऊन बसतात आणि वाचक 'पुस्तक नाही' समजून परत जातो. हे नोंद करतानाच अंगवळणी पडतं.

कोहा हे ग्रंथालयाचं कामकाज चालवणारं मुक्त सॉफ्टवेअर आहे. त्याची सरावासाठी वेगळी प्रत बसवून घ्या. चालू प्रणालीवर प्रयोग नकोत. कपाटातून एक अनुवाद, एक संपादित ग्रंथ, एक बहुखंडी संच काढा. आधी स्वतः नोंदी करा, मग लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या खुल्या ऑनलाइन तालिकेशी ताडा. फरक दिसला म्हणजे चूकच, असं नाही. ग्रंथालयागणिक धोरण बदलतं. अनुभवी तालिकाकाराकडून तपासून घ्या.

प्रश्न : 'एआय तुमची नोकरी घेणार, आजच नोंदणी करा, ७० टक्के सूट' अशी जाहिरात आली आहे. घेऊ का?

उत्तर : सूट उद्याही असेल. शिकवणार कोण आणि सराव तपासणार कोण, ते लेखी मागा. टाळाटाळ झाली तर सोडून द्या. ओसीएलसी या ग्रंथालयांच्या सहकारी संस्थेच्या वेबजंक्शन या संकेतस्थळावर ग्रंथालय कर्मचाऱ्यांसाठी विनामूल्य कोर्स आहेत, ते आधी पाहा.

प्रश्न : साहेब म्हणतात, 'शिका, पण घरी.'

उत्तर : इफ्ला या ग्रंथालयांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या २०१६च्या मार्गदर्शक तत्त्वांत कामाच्या वेळेपैकी सुमारे १० टक्के वेळ व्यावसायिक विकासाला द्यावा असं सुचवलं आहे. आठवडा ४० तासांचा असेल तर चार तास. ही शिफारस आहे, नियम नव्हे. म्हणून वाद घालू नका, अर्ज द्या. कोणते तास हवेत आणि तेव्हा काउंटर कोण सांभाळणार, तेही लिहा. सेवाशर्तींचं प्रशासनाला विचारा.

प्रश्न : पुढच्या वर्षी ग्रंथालयात नवी संगणक प्रणाली येणार आहे. तोवर थांबू?

उत्तर : नको. प्रणाली बदलली तरी मार्क नोंदी तुमच्याबरोबर येतात, चुकांसकट. एकाच लेखकाचं नाव किती तऱ्हांनी पडलंय, त्याची यादी आत्ताच करायला घ्या आणि स्थलांतराच्या करारावर सही होण्याआधी ग्रंथपालांना दाखवा.